सोलनॉइडचा ‘टक’ आणि त्यानंतरची शांतता

चावी फिरवली, गिअर पुढे टाकला, पेडल दाबलं. सीटखालून ‘टक’ असा आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही. इलेक्ट्रिक गोल्फ कार्टबद्दलची ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की ऐकणारा लगेच निदान सांगून मोकळा होतो : कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, गेला. मग तो मागवला जातो, बसवला जातो, आणि पुष्कळदा गाडी तरीही तशीच उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे ती चालते, सगळे खूश होतात, आणि दोन-तीन आठवड्यांत नवा कंट्रोलरही जुन्याच्या वाटेने जातो.

कंट्रोलर आपणहून क्वचित मरतो. बहुतेक वेळा त्याला मारणारं कोणीतरी शेजारीच बसलेलं असतं. त्याला शोधल्याशिवाय नवा डबा बसवू नये, या एका आग्रहापोटी हे सगळं लिहितो आहे.

आधी तो काय करतो ते पाहू. जुन्या सीरीज मोटरच्या (जिची फिरती आणि स्थिर गुंडाळी एकामागोमाग जोडलेली असते) कार्टमध्ये मोटरचं एक टोक सोलनॉइडमार्गे, म्हणजे ‘टक’ आवाज करत मुख्य जोडणी करणाऱ्या विजेच्या स्विचमार्गे, बॅटरीच्या पॉझिटिव्हला असतं. दुसरं टोक कंट्रोलरच्या एम-मायनस या पट्टीला येतं. कंट्रोलर हे टोक निगेटिव्हला जोडतो आणि सोडतो, सेकंदाला साधारण पंधरा हजार वेळा. जोडलेला वेळ जास्त तर मोटरला मिळणारा सरासरी व्होल्टेज जास्त. ही उघडझाप करायला आत एकमेकांना समांतर जोडलेल्या मॉसफेटची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचची, रांग असते. मॉसफेट बंद असतानाच्या क्षणी मोटरचा करंट वाहता राहावा म्हणून एकाच दिशेने करंट जाऊ देणारे डायोड असतात, आणि या धक्क्यांनी बॅटरीकडचा व्होल्टेज हलू नये म्हणून वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात.

यातली एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोटरमधला करंट आणि बॅटरीमधला करंट सारखा नसतो. समजा कार्ट चढावर जेमतेम हलते आहे, मोटर अडीचशे अँपिअर ओढते आहे, पण तिच्या टोकांवर व्होल्टेज फक्त ८ आहे. म्हणजे दोन हजार वॅट. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी सुमारे बेचाळीसच अँपिअर निघतात. बॅटरीकडे बघणाऱ्याला वाटतं, काहीच ताण नाही. कंट्रोलरच्या आत मात्र अडीचशे अँपिअर फिरत असतात, आणि बहुतेक वेळ ते डायोडमधून फिरत असतात. चढावर ब्रेक न दाबता पेडलच्या जोरावर गाडी जागेवर धरून ठेवण्याची सवय कंट्रोलरला सगळ्यात जास्त जाळते, ती यामुळे. गाडी वेगात पळताना तो इतका तापत नाही.

चांगल्या कंट्रोलरमध्ये यावर बंदोबस्त असतो. कर्टिस या कंपनीच्या १२०४ मालिकेत हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की करंट कमी कमी होत जातो आणि ९५ अंशांना शून्यावर येतो. म्हणून दुपारी चढावर रेंगाळणारी आणि तासभर उभी ठेवल्यावर पुन्हा नीट चालणारी कार्ट बिघडलेली नसते. ती स्वतःला वाचवत असते. तिचा कंट्रोलर बदलण्याआधी तो ज्या पत्र्यावर बसवला आहे तो पत्रा पाहावा.

आता मीटर हातात घेऊ. पहिली मोजणी नेहमी बॅटऱ्यांची, आणि एकेकीची वेगळी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास विसावल्यावर ६ व्होल्टची ६.३७, ८ व्होल्टची ८.४९, १२ व्होल्टची १२.७३ च्या आसपास दाखवते. अठ्ठेचाळीसचा पूर्ण संच ५०.९, छत्तीसचा ३८.२. एखादीच बॅटरी दोन व्होल्टने खाली असेल तर तिचा एक सेल मेलेला आहे. पण विसावलेल्या बॅटरीचा आकडा दिलासा देतो, खरं बोलतोच असं नाही. गाडी चालती असेल तर भार असताना मोजावं. अठ्ठेचाळीसच्या संचात चोवीस सेल असतात. दर सेलला १.७५ धरले तर ४२ व्होल्ट ही तळरेषा झाली, आणि छत्तीसच्या संचात ३१.५. चार्ज केलेला संच पेडल दाबताच त्याखाली कोसळत असेल तर तपास तिथेच थांबवावा आणि बॅटऱ्या बघाव्यात.

बॅटऱ्या ठीक निघाल्या तर मीटर कंट्रोलरवर आणायचं. मागची चाकं जॅकने उचलून टेकूंवर ठेवलेली, पुढच्या चाकांना ठोकळे लावलेले. पेडल दाबून ‘टक’ झाल्यावर कंट्रोलरच्या बी-प्लस आणि बी-मायनस (बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या) पट्ट्यांमध्ये संचाचा पूर्ण व्होल्टेज दिसला पाहिजे. इथे नसेल आणि सोलनॉइडच्या बॅटरीकडच्या बाजूला असेल, तर सोलनॉइड नुसता आवाज करतो आहे, आतले संपर्क जुळतच नाहीत. ‘टक’ ऐकून लोक फसतात ते इथेच. कॉइल ओढली गेल्याचा तो आवाज असतो, करंट गेल्याचा नव्हे.

तिथे व्होल्टेज पूर्ण असेल तर पुढे थ्रॉटल, म्हणजे पेडल किती दाबलं ते कंट्रोलरला सांगणारा भाग. कर्टिसच्या ठरावीक दोन-तारी पद्धतीत थ्रॉटलच्या तारा कंट्रोलरवरून काढून रेझिस्टन्स मोजला, तर पेडल सोडलेलं असताना जवळजवळ शून्य आणि तळापर्यंत दाबल्यावर पाच हजार ओहम दिसतो. तो सलग चढत गेला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर पोटेन्शिओमीटरची (पेडलबरोबर बदलणाऱ्या रेझिस्टरची) पट्टी झिजलेली आहे, आणि गाडी धक्के देते ती त्यामुळे. सगळ्या कार्टमध्ये हीच पद्धत नसते. ई-झी-गो कंपनीच्या अनेक कार्टमध्ये स्पर्शाविना चालणारा इंडक्टिव्ह सेन्सर असतो, तो ओहममध्ये मोजून काही कळत नाही. क्लब कार या कंपनीच्या कार्टमध्ये तीन तारांचा पोटेन्शिओमीटर एका बंद डबीत असतो.

थ्रॉटलही ठीक असेल तर शेवटची मोजणी बी-प्लस आणि एम-मायनस यांच्यात. पेडल हळूहळू दाबलं की हा आकडा शून्यापासून संचाच्या व्होल्टेजपर्यंत चढायला हवा. आत व्होल्टेज येतो आहे, चावीचा पुरवठा येतो आहे, थ्रॉटल सांगतो आहे, तरी हा आकडा शून्यावरच बसून राहतो, तेव्हाच कंट्रोलर गेला असं म्हणावं.

याची उलट बाजू जास्त धोक्याची. मॉसफेट बहुधा शॉर्ट होऊन मरतात. तसं झालं की सोलनॉइड लागताच गाडी पेडलला न जुमानता पूर्ण वेगाने सुटते. म्हणून अनोळखी कार्ट तपासताना चाकं उचलण्याचा कंटाळा करू नये. काढलेल्या कंट्रोलरवर हा दोष सहज सापडतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बी-मायनस आणि एम-मायनस तपासावेत. एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि उलट दिशेने काहीच नाही, हे निरोगी लक्षण. दोन्हीकडे शून्य आणि मीटरची शिट्टी वाजते, म्हणजे रांग शॉर्ट. बी-प्लस आणि एम-मायनस यांच्यातही असंच बघायचं, तिथे डायोडची तब्येत कळते. मॉसफेटच्या रांगेतले दोन जळले म्हणून दोनच बदलायचे, हा मला न पटणारा उद्योग आहे. उरलेल्यांनीही तोच मार खाल्लेला असतो, आणि त्यांना चालवणारा भागही शाबूत असेलच असं नाही.

आता मारेकरी शोधायचे. माझा पहिला संशय नेहमी सोलनॉइडवर असतो. जुना सोलनॉइड कापून उघडला तर आत तांब्याची एक जाड चकती आणि तिच्यासमोर दोन बोल्टांची डोकी दिसतात. नव्यात या कडा गुळगुळीत असतात. मार खाल्लेल्यात चकतीवर काळे खड्डे असतात, वितळून पुन्हा गोठलेल्या तांब्याचे मण्यांसारखे थेंब असतात, आणि एखाद्या जागी चकती बोल्टला चिकटून सुटल्याची फाटकी खूण असते. ही खूण कपॅसिटर भरताना पडते. रिकामा कपॅसिटर बॅटरीला थेट जोडला की एका क्षणासाठी तो शॉर्टसारखाच असतो.

हे टाळायला सोलनॉइडच्या दोन मोठ्या टोकांवर एक रेझिस्टर आडवा लावलेला असतो, अठ्ठेचाळीसला सहसा ४७० ओहम, छत्तीसला २५०. चकती बसण्याआधीच तो कपॅसिटर हळूहळू भरून ठेवतो. हा लहानसा रेझिस्टर तुटला तर गाडी चालतेच, कुणाला काही कळत नाही, आणि दर ‘टक’ला संपर्क थोडे थोडे वितळत राहतात. सोलनॉइड लागलेला नसतानाही कंट्रोलरवर संचापेक्षा थोडाच कमी व्होल्टेज दिसला, तर रेझिस्टर काम करतो आहे. काही कार्टमध्ये त्यासाठी चावी चालू असावी लागते. तिथे शून्य असेल तर एकतर रेझिस्टर तुटला आहे किंवा पुढे काहीतरी शॉर्ट आहे. शॉर्ट असेल तर या रेझिस्टरवर अख्खे ४८ व्होल्ट येतात, तो जवळपास पाच वॅट जाळतो आणि बोट ठेवता येणार नाही इतका तापतो.

सोलनॉइडच्या दोन लहान टोकांवर एक डायोड असतो. कॉइलचा पुरवठा तुटताना ती उलट दिशेने मोठा व्होल्टेज फेकते, तो या डायोडमध्ये जिरतो. डायोड नसेल तर मार बसतो पेडलच्या मायक्रोस्विचला, किंवा कॉइल कंट्रोलरच चालवत असेल तर त्याच्या आतल्या छोट्या ट्रान्झिस्टरला. मग मोठी रांग ठणठणीत असूनही ‘टक’ येणंच बंद होतं. डायोडची पट्टीची बाजू कॉइलच्या पॉझिटिव्हला. उलटा लावला तर तोच शॉर्ट होतो आणि पहिल्याच प्रयत्नात फ्यूज, किंवा नवा कोरा कंट्रोलर, घेऊन जातो. म्हणून कंट्रोलर बदलताना सोलनॉइड, रेझिस्टर आणि डायोड हे तिन्ही नवे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. कॉइलचा व्होल्टेज संचाशी जुळवून आणि सतत चालण्यासाठी बनवलेलाच सोलनॉइड घ्यावा.

दुसरा संशयित मोटर. तिच्या सगळ्या केबल काढून प्रत्येक टोक आणि मोटरचं धातूचं अंग यांच्यात मोजावं, काहीही जोडणी दिसता कामा नये. सीरीज मोटरमध्ये ए-वन ते ए-टू (आर्मेचर, म्हणजे फिरणारी गुंडाळी) जोडणी हवी, एस-वन ते एस-टू (फील्ड, म्हणजे स्थिर गुंडाळी) हवी, पण ‘ए’ आणि ‘एस’ यांच्यात नको. सीरीज फील्डचा रेझिस्टन्स इतका कमी असतो, की साध्या मीटरला चांगली गुंडाळी आणि शॉर्ट गुंडाळी सारखीच दिसते. त्यासाठी चाकं वर ठेवून, ए-वन आणि एस-वन एकमेकांना जोडून, ए-टू आणि एस-टू यांना १२ व्होल्टची एक बॅटरी काही सेकंद लावावी. मोटर सावकाश, एकसारखी फिरली पाहिजे. अडखळली, गुरगुरली, ब्रशमधून ठिणग्यांचं कडं दिसलं, तर नवा कंट्रोलर तिच्या हवाली करू नये. सेपेक्स मोटरवर, म्हणजे जिच्या फील्डला वेगळा पुरवठा असतो तिच्यावर, ही युक्ती वापरायची नाही. फील्डशिवाय नुसत्या आर्मेचरला पुरवठा दिला की करंट प्रचंड वाढतो. तिथे फील्डच्या एफ-वन आणि एफ-टू या टोकांमध्ये मोजलेला रेझिस्टन्स मोटरच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून बघावा.

केबलचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते टिकतं. एका जोडाचा रेझिस्टन्स एक हजारांश ओहम असला तरी तीनशे अँपिअरला तिथे ०.३ व्होल्ट पडतो आणि नव्वद वॅट उष्णता होते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी, एका नटाखाली. सेपेक्स कार्ट उतारावर मोटरमधून बॅटरीकडे करंट परत पाठवतात. त्याच वेळी बॅटरीचा सैल लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) क्षणभर सुटला, तर परतीच्या करंटला जायला वाट राहत नाही, व्होल्टेज उसळतो आणि मॉसफेट जातात. उतारावर कंट्रोलर गेला असं कुणी सांगितलं की आधी बॅटरीचे लग हलवून बघावेत. उच्च दाबाच्या पाण्याने सीटखालचा भाग धुणं आणि चार्जर उलटा जोडणं, हे दोन अपराधी सर्वांना माहीत आहेत, तरी घडतातच.

नवा निवडताना नुसता व्होल्टेज आणि अँपिअर जुळवून भागत नाही. सीरीज मोटर ओळखायची तिच्या चारही जाड केबलवरून, आणि सहसा असणाऱ्या जड फॉरवर्ड-रिव्हर्स दांड्यावरून. सेपेक्समध्ये फील्डच्या दोन तारा बारीक असतात आणि दिशा बदलायला छोटा स्विच पुरतो, कारण दिशा कंट्रोलरच बदलतो. तीन जाड केबल असतील तर एसी मोटर. एकीचा कंट्रोलर दुसरीला चालत नाही. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन कर्टिसमध्ये मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांत थ्रॉटलचा प्रकार आणि आतली मांडणी दडलेली असते, म्हणून लेबलाचा फोटो काढून अक्षर न् अक्षर जुळवावं. अँपिअरचा आकडाही वाचायला शिकावा. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा दोन मिनिटांचा असतो, तासभराचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमीच. चारशे अँपिअर किंवा त्याहून मोठा कंट्रोलर घालणार असाल तर मूळच्या ६ गेजच्या केबल, म्हणजे सुमारे तेरा चौरस मिलिमीटर, काढून ४ किंवा २ गेजच्या, म्हणजे अधिक जाड, घालाव्या लागतील.

काढण्याआधी प्रत्येक केबलचा फोटो, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायचं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची. सुटलेला पाना दोन टोकांवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच डाकल्यासारखा चिकटतो. गाडीला रन-टो स्विच (चालवणं किंवा ओढून नेणं यातलं एक निवडणारा) असेल तर तो ‘टो’वर, मग संचाची मुख्य निगेटिव्ह केबल सोडवायची. यानंतरही कंट्रोलरचे कपॅसिटर भरलेले असतात. बी-प्लस आणि बी-मायनस यांच्यात सोलनॉइडची कॉइल किंवा हॉर्न काही सेकंद जोडून ते रिकामे करावेत आणि मीटरवर शून्य पाहिल्यावरच हात घालावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याचा प्रकार करू नये.

नवा बसवताना पत्रा घासून सपाट आणि कोरडा करायचा, थर्मल पेस्ट कागदासारखी पातळ पसरायची. जाड थर उष्णता नेण्याऐवजी अडवतो. आणि मग ती चूक, जी चांगले कारागीरही करतात : वॉशरची जागा. तांब्याचा लग कंट्रोलरच्या पट्टीला थेट भिडला पाहिजे. वॉशर लगच्या वर, नट किंवा बोल्टच्या डोक्याखाली. लग आणि पट्टी यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर गेला की सगळा करंट त्या स्टीलमधून जातो. नट कितीही आवळा, जोड तापतोच, आणि पट्टीतून ती उष्णता सरळ मॉसफेटपर्यंत पोचते. सोलनॉइडचे बोल्ट आवळताना आतला नट एका पान्याने धरून बाहेरचा फिरवायचा, नाहीतर अख्खा बोल्ट फिरतो आणि आतली चकती तिरपी बसते. मुख्य केबलमध्ये संचाच्या व्होल्टेजला चालणारा डीसी फ्यूज घालावा. एसीचा फ्यूज डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही.

पहिला पुरवठा देताना मागची चाकं पुन्हा हवेत. चावी बंद, गिअर न्यूट्रल. शेवटची निगेटिव्ह केबल लावण्याआधी तिच्या आणि टोकाच्या मध्ये हातातला ४७० ओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरला तर ठिणगी पडत नाही. केबल आवळून झाली की सोलनॉइड न लागता कंट्रोलरवरचा व्होल्टेज बघावा, मग चावी, मग गिअर, मग पेडल अगदी सावकाश. चाकं उलटी फिरली तर फील्डच्या केबलची अदलाबदल झाली आहे. पूर्ण दाबूनही अर्ध्याच वेगाने फिरली तर थ्रॉटलचा प्रकार चुकला असण्याची शक्यता मोठी. पेडल दाबून ठेवून चावी चालू करून पाहावी, बहुतेक कंट्रोलर अशा वेळी गाडी हलू देत नाहीत आणि तसंच असायला हवं. सीरीज मोटर हवेत पूर्ण वेगाने फिरवत राहू नये. भार नसला की तिचा वेग कुठे थांबेल याचा भरवसा नसतो, आणि आर्मेचरच्या गुंडाळ्या बाहेर फेकल्या जाऊ शकतात.

जमिनीवर उतरवल्यावर आधी सपाट रस्ता, मग ब्रेक, मग चढ. भारावर असताना एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एकेक केबल आणि एकेक जोड मोजावा. ६ गेजच्या तीस सेंटिमीटर केबलवर दोनशे अँपिअरला ७८ मिलिव्होल्टच्या आसपास पडणं नैसर्गिक आहे. पण लग आणि पट्टीच्या एका जोडावरच तीनशे मिलिव्होल्ट दिसले, तर तिथे साठ वॅट जळत आहेत आणि तो जोड उघडून पुन्हा करायचा. सोलनॉइडच्या दोन मोठ्या टोकांमध्येही अशीच मोजणी घ्यावी.

आठवड्याभराने सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे, कारण नवे तांब्याचे लग दाबाखाली थोडे बसतात. त्याच वेळी सीटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावं : तारीख, प्रत्येक बॅटरीचा विसावलेला व्होल्टेज, भारावरचा संचाचा व्होल्टेज, थ्रॉटलचे दोन्ही टोकांचे ओहम, सोलनॉइडवर पडणारे मिलिव्होल्ट, आणि कंट्रोलरचा पूर्ण मॉडेल क्रमांक. पुढच्या वेळी ‘टक’ ऐकू आला आणि गाडी हलली नाही, तर झाकण उघडणाऱ्याला आजचे हे आकडे समोरच दिसतील.